पंधराला वीतभर कमी

"या दोनपैकी एक कागद खोटं बोलतोय," देवस्थळी साहेब म्हणाले, "आणि सोमवारी मला सुरुंग लावायचाय."

त्यांच्या टेबलावर दोन कागद पसरले होते. एक माझा, मुंबईच्या कॉम्प्युटरमधून छापून आलेला, चादरीएवढा रुंद आणि आकड्यांनी खच्चून भरलेला. दुसरा आमच्या प्रयोगशाळेतल्या कुदळ्यांचा. हातभर रुंदीची गुंडाळी आणि तिच्यावर शाईच्या पेनाने आपोआप उमटलेली एक नागमोडी रेघ. माझ्या कागदावर पाणी हेलकावे खात खात शांत होत होतं. कुदळ्यांच्या कागदावर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला होता आणि शेवटी रेघ कागदाबाहेर निघून गेली होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमधली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आमच्या जलविद्युत संशोधन केंद्रातली पहिली बाई इंजिनिअर होते, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर वस्तीला असे. खोटं बोलणारा कागद कुठला याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

प्रश्न वाघझरा प्रकल्पाच्या उल्लोळ विहिरीचा होता. सह्याद्रीच्या पोटातून चार किलोमीटरचा बोगदा खणून धरणाचं पाणी वीजघराकडे न्यायचं होतं. एवढ्या लांबीचं धावतं पाणी एकदम अडवलं तर ते काही शहाण्यासारखं जागीच थांबत नाही. त्याला चढायला वाट लागते. म्हणून बोगद्याच्या टोकाशी डोंगरात एक उभी प्रचंड विहीर खणतात, तीच उल्लोळ विहीर. पाणी तिच्यात चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, आणि हळूहळू निवतं. पण विहीर अरुंद असली तर ते निवत नाही. पाणी खाली गेलं की तेवढीच वीज काढायला जनित्रं जास्त पाणी ओढतात, त्याने ते आणखी खाली जातं. वर आलं की कमी ओढतात, त्याने ते आणखी वर येतं. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला कुणी हलकेच धक्का देत राहावं, तसा हेलकावा वाढत जातो आणि एके दिवशी विहीर फोडतो. विहीर किती रुंद हवी, एवढाच प्रश्न होता. मी म्हणत होते, बारा मीटर पुरे. माझ्या सहीचा अहवाल गेला होता, त्यावरून नकाशे निघाले होते, आणि डोंगरावर बारा मीटरचं वर्तुळ चुन्याने आखलंही जाणार होतं. एकदा खडक फोडून आतून काँक्रीट चढवलं की विहीर पुन्हा रुंद करता येत नाही.

खरं तर हा पडताळा माझ्याच हट्टाने झाला होता. आमच्या प्रयोगशाळेत दोन लोखंडी कपाटांएवढं एक जुनं अ‍ॅनालॉग यंत्र होतं. ते मोडीत काढावं असा प्रस्ताव मीच दिला होता. साहेब म्हणाले, काढू, पण आधी शेवटचं एक काम दोन्हींवर करून बघा, म्हणजे फायलीला आधार होईल. मी आनंदाने हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या यंत्रावर सोपान कुदळे काम करायचे. सासवडचा माणूस, पन्नाशीचा, मॅट्रिक झालेला, सैन्यात बिनतारी संदेशाच्या तुकडीत वीस वर्षं काढून आलेला. कॉम्प्युटर म्हणायलाही माझी जीभ रेटत नसे अशी ती वस्तू होती. पुढे भोकाभोकांचा फळा, त्यात जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या रंगीत दोऱ्या खुपसायच्या, खाली बोटांनी फिरवायची बटणं. आकड्यांचा पत्ताच नाही. विजेलाच पाण्यासारखं वागायला लावायचं: दोऱ्या अशा जोडायच्या की विहिरीतलं पाणी ज्या नियमाने चढतं-उतरतं त्याच नियमाने विजेचा दाब चढावा-उतरावा. मग बघत बसायचं. आतल्या काचेच्या नळ्या तापायला दोन तास लागत म्हणून कुदळे सकाळी सातला येऊन ते चालू करून ठेवत. हे सगळं मला बंबात पाणी तापवल्यासारखं वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

साहेबांनी शनिवार दुपारपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत खोटा कागद कुठला ते ठरलं नाही तर माझाच आकडा धरायचा, कारण मुंबईचं यंत्र सहा आकड्यांपर्यंत उत्तर देत होतं आणि कुदळ्यांचं तीन आकड्यांपलीकडे बोलत नव्हतं. मला वाटलं, जिंकले.

गुरुवारी भर दुपारी मी मुद्दाम प्रयोगशाळेत गेले. यंत्र तापलं की त्यातला विजेचा दाब सरकतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. उन्हाने पत्रा भाजत होता, वीज कमीजास्त होत होती. मी कुदळ्यांना सांगितलं की तुमचा हेलकावा वाढतो तो पाण्यामुळे नाही, यंत्राला ताप चढतो म्हणून वाढतो. ते चिडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त फळ्यावरच्या बऱ्याचशा दोऱ्या उपसल्या आणि तीन-चारच ठेवल्या.

"शक्य आहे," ते म्हणाले. "मग आपण त्याला गोल काढायला लावू."

ही त्यांची जुनी रीत. यंत्राला कुठलंही मोठं काम सांगण्याआधी ते त्याला गोल काढायला लावत. जनित्रं तोडून टाकायची, घर्षण शून्य करायचं, उरलं नुसतं पाणी आणि त्याचा हेलकावा. असं पाणी वाढतही नाही आणि निवतही नाही, जन्मभर तेवढंच झुलत राहतं. पाण्याची पातळी पडद्यावर वरखाली दाखवली आणि बोगद्यातला प्रवाह डावीउजवीकडे दाखवला, तर ठिपका गोल फिरायला हवा, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने. गोल फुगला तर यंत्र पदरचं घालतंय. आकसला तर मधल्यामधे खातंय. बरोबर उत्तर आधीच माहीत असल्यामुळे थापा मारायला जागा नाही.

हिरवा ठिपका फिरू लागला. कुदळ्यांनी काचेवर लिहायच्या पेन्सिलीने पडद्यावर त्याची वाट गिरवून ठेवली. खऱ्या विहिरीतला पाच मिनिटांचा हेलकावा इथे सेकंदात उरकत होता, म्हणजे सेकंदाला एक फेरा. मी मोजत होते, कारण मोजणी मी त्यांच्यावर सोडणार नव्हते. पन्नास झाले, शंभर झाले. ठिपका पेन्सिलीच्या रेघेवरून हलला नव्हता. मी म्हटलं, आणखी दोनशे. त्यांनी मला स्टूल दिलं. तीनशेव्या फेऱ्याला तो रेघेच्या आतल्या कडेला किंचित टेकला होता, म्हणजे फुगायच्या ऐवजी उलट केसभर आकसलाच होता.

मी स्टूल मागे सारून पडद्याजवळ गेले आणि रेघ पुन्हा बघितली.

"आता तुमच्याला लावा," कुदळे म्हणाले.

मी म्हटलं, माझं यंत्र मुंबईला आहे, इथे कसं लावू?

"यंत्र मुंबईला ऱ्हाऊ द्या. रीत तर तुमच्याजवळ आहे न्हवं? तुमचं यंत्र काय करतं, तुम्ही सांगितलेली बेरीज-वजाबाकीच करतं. मग ती हातानं करा. मी ठिपके मांडतो."

नाही म्हणायला माझ्याकडे सबबच नव्हती. कोपऱ्यात हाताने दांडी फिरवायचं गणकयंत्र होतं, ते ओढून घेतलं. माझी रीत साधी होती. पाणी अखंड वाहतं, पण कॉम्प्युटरला अखंड असं काही कळत नाही. म्हणून मी दर दहा सेकंदांनी पाण्याचा जणू एकेक फोटो काढत असे आणि एका फोटोवरून पुढचा कसा असेल ते गणिताने काढत असे. विहिरीचा एक पूर्ण हेलकावा पाच मिनिटांचा, म्हणजे तीस फोटो. घर्षण शून्य, जनित्रं बंद. पाणी वीस मीटर उंचीवरून सोडायचं आणि एका फेऱ्यानंतर ते पुन्हा विसावर यायला हवं.

मी दांडी फिरवायची, पातळी आणि प्रवाह यांचे आकडे ओरडायचे, आणि कुदळ्यांनी आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. पहिले चार-पाच ठिपके नीट पडले. आठव्याला ते कागदाकडे बघत जरा थांबले. मी मान वर केली नाही. पंधराव्या ठिपक्याला अर्धा फेरा संपला. पाणी उणे विसावर असायला हवं होतं. माझ्या गणकयंत्रावर उणे साडेचौदा दिसत होते.

मी सगळी आकडेमोड पहिल्यापासून तपासली. चूक नव्हती. पुन्हा दांडी फिरवायला लागले, आता जरा जोरातच. सोळा, सतरा, अठरा. आपण हरतोय हे कळत असूनही पुढचा आकडा बघायची ओढ आवरेना. चोविसाव्या ठिपक्याला मी उठून उभीच राहिले होते. तिसावा ठिपका साडेदहावर पडला. घर्षण नाही, अडवणारं काही नाही, आणि माझं पाणी एका फेऱ्यात निम्मं निवलं होतं. गोल काढायला बसले होते आणि कागदावर जिलबी निघाली होती.

"खातंय," कुदळे हलकेच म्हणाले.

मी खुर्चीत बसले. एरवी कुणी थोबाडीत मारलं असतं तर मी रडले असते किंवा भांडले असते. पण मला हसू फुटायला लागलं, कारण सगळं एकदम लख्ख दिसलं होतं. मुंबईला आम्हाला मशीनची फक्त वीस मिनिटं मिळत. तेवढ्यात बसावं म्हणून मी पावलं दहा सेकंदांची मोठी घेतली. मोठ्या पावलांनी गणित उधळतं, आकडे आभाळाला भिडतात, हे मला आधीच्या अनुभवाने माहीत होतं. म्हणून मी पुस्तकातून शोधून शोधून एक अशी रीत घेतली होती की जिच्यात गणित कधीही उधळत नाही. तिचं कौतुक मी सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि प्रश्न कुठला सोडवत होते, तर पाणी उधळेल का. गणित उधळू नये म्हणून घेतलेली रीत पाण्यालाही उधळू देत नव्हती. विहीर बारा मीटरची असो की पाचाची, ती सगळ्यांनाच झोपवत होती.

हे मी कुदळ्यांना भराभरा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दोऱ्या पुन्हा खुपसल्या, जनित्रं जोडली, घर्षण घातलं, आणि मला यंत्रासमोर बोलावलं.

"हे बटण व्यासाचं. आत्ता बारावर आहे. तुम्ही फिरवा."

पडद्यावर हिरवी लाट फुगत फुगत बाहेर पळत होती. मी बटण हळूच फिरवलं. तेरा. लाट फुगत होती, पण जरा सावकाश. चौदा. आणखी सावकाश. मुंबईला एवढं बघायचं तर भोकं पाडलेल्या कार्डांचे तीन गठ्ठे आणि तीन आठवडे लागले असते. इथे डोंगरातली विहीर माझ्या बोटांत होती, मी ती रुंद करत होते आणि पाणी त्याच क्षणी उत्तर देत होतं. साडेचौदाच्या पुढे मी बटण केसाकेसाने सरकवलं. लाट फुगायची थांबली. मागे घेतलं की फुगे, पुढे नेलं की निवे, आणि मधे एका जागी ती नुसती झुलत राही, ना कमी ना जास्त. ती जागा डोळ्यांआधी बोटांना कळली. मी मोठ्याने हसले. कुदळेही हसले, आणि मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

त्यांनी बटणावर वाकून बघितलं. "पंधराला वीतभर कमी," ते म्हणाले. "याहून बारीक मी सांगणार न्हाई. याहून बारीक त्याला दिसत न्हाई."

तशीच मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी विचारलं, सहा आकडी उत्तर सोडून तीन आकडी उत्तर कसं मानायचं?

"साहेब, माझं उत्तर सहाही आकड्यांपर्यंत चुकलेलं आहे," मी म्हणाले आणि जिलबीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो ठिपक्याठिपक्याने बघितला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की सही केलेला अहवाल मागे घ्यायचा तर मला मंत्रालयाला दोन्ही कागद जुळलेले दाखवावे लागतील. चूक सापडली असेल तर दुरुस्त करून आणा, शनिवारी दुपारपर्यंत.

रीत बदलली. खात नाही आणि घालत नाही अशी घेतली, पावलं एकेका सेकंदाची केली. गुरुवारची संध्याकाळ कार्डं पंच करण्यात गेली. शुक्रवारी मुंबईला हातापाया पडून दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा अर्धा वेळ मागून घेतला. पण विहिरीचं गणित घालायच्या आधी मी त्या भल्यामोठ्या, थंडगार खोलीतल्या यंत्राला गोल काढायला लावलं. तिथले लोक माझ्याकडे खुळी समजून बघत होते. शंभर फेऱ्यांनंतरही पाणी विसावर होतं. मग विहीर घातली, पण फक्त चौदा ते पंधरा मीटरमधली, म्हणून तेवढा वेळ पुरला.

शनिवारी स्टेशनवरून मी घरी न जाता सरळ प्रयोगशाळेत गेले. कुदळे नेहमीप्रमाणे सातला यंत्र चालू करून बसले होते. मी दारातूनच सांगितलं, चौदा पूर्णांक त्र्याऐंशी. त्यांनी हात पसरून अंगठा आणि करंगळी यांच्यात वीत धरली, मनाशी सतरा सेंटिमीटर मोजले, आणि वीत जराशी आखडती घेतली. दोघांच्याही आनंदाला पारावार उरला नाही. एकाने विजेला नाचवलं होतं, एकाने आकड्यांचे ढिगारे उपसले होते, आणि डोंगराच्या पोटात दोघं एकाच जागी येऊन भेटले होते.

मग मला ते सुचलं आणि माझा चेहरा उतरला असावा. दोन्ही कागद जुळले, म्हणजे मुंबईचं यंत्र आता हे काम बरोबर करू शकत होतं, वर तीन आकडे जास्त देत होतं. या कपाटांना ठेवण्यासारखं कारण मीच माझ्या हाताने पुसून टाकलं होतं. मी अडखळत कुदळ्यांना तसं म्हणाले.

"ते मला परवाच कळलं हुतं," ते म्हणाले. "तुम्ही दांडी फिरवत हुता तवाच."

"मग का सांगितलंत मला गोल काढायला? नुसतं 'बाईचं चुकलं' म्हणून गप्प बसला असतात तर यंत्र राहिलं असतं."

"नुसतं चुकलं म्हणून सायबांनी सुरुंग थांबवला नसता. का चुकलं ते दाखवायला लागतं. आणि ते दाखवलं की तुमचं यंत्र सुधारणारच, त्याला इलाज न्हाई." त्यांनी पडद्यावरची पेन्सिलीची रेघ अंगठ्याने पुसली. "बाई, विहीर खणायचीय. चला, बारा वाजत आले."

आम्ही दोघंही साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, पंधरावर तीन मीटर सुरक्षेसाठी चढवले, आणि वाघझऱ्याला ट्रंक कॉल लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला. अहवाल तुमच्या सहीचा आहे, तुम्हीच सांगा, म्हणाले. पलीकडे साइटवरचे उपअभियंता मोमीन होते. लाइनवर भाजी फोडणीला टाकल्यासारखी खरखर होती. मी सांगितलं, बारा रद्द.

"बाई, इथं चुना मारून झालाय," मोमीन ओरडून म्हणाले. "ड्रिलवाले येऊन बसलेत. वरच्यांना काय सांगू? चूक कुणाची?"

खोलीत साहेब होते, कुदळे होते, दारात चहा घेऊन आलेला शिपाई होता. तीन दिवसांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी जमिनीत गडप झाले असते.

"माझी," मी म्हणाले. "तळवडेकरांची. तसंच लिहून घ्या."

मग मोमीन म्हणाले, लिहिलं, आता नवा आकडा सांगा. मी म्हटलं, अठरा. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, आठ? मी कुदळ्यांकडे बघितलं, ते चार पावलं पुढे आले आणि रिसीव्हरपाशी वाकले. मग त्या साहेबी खोलीत, साहेबांच्या देखत, आम्ही दोघं एकदमच जिवाच्या आकांताने ओरडलो, "अठरा!"

पलीकडून मोमीन यांचा आवाज आला, कुणालातरी हाक मारून सांगणारा, की तो चुना पुसा आणि दोरी आणखी लांब सोडा, विहीर मोठी करायची आहे.